ओल, चुना आणि सिमेंट : जुन्या दगड-विटांच्या इमारतींच्या दुरुस्तीतील एक मूलभूत गफलत

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालये आजही आपल्या मूळ दगडी अथवा वीटबांधणीच्या इमारतींतून चालतात. या इमारतींत जुलै-ऑगस्टमध्ये एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतीचा रंग काळवंडतो, फुगतो, त्याला पोपडे धरतात. कपाटातील पुस्तकांना कुबट वास येऊ लागतो. मग मार्चअखेर अनुदान खर्ची टाकण्याच्या घाईत खराब झालेला गिलावा खरवडला जातो, त्या जागी सिमेंटचा नवा गिलावा होतो आणि त्यावर तेलरंग चढतो. पुढचे एक-दोन पावसाळे बरे जातात. नंतर ओल पुन्हा दिसू लागते. मात्र आता ती नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेशी, म्हणजे पूर्वीपेक्षा हातभर उंच असते.

प्रस्तुत लेखकाने ज्या महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले, तेथील ग्रंथालयाच्या उत्तरेकडील विटांच्या भिंतीवर हा क्रम तीन वेळा घडलेला पाहिला आहे. तिसऱ्या खेपेस ओल खिडकीच्या तळापर्यंत पोहोचली होती. बाहेरच्या बाजूस तर विटाच झिजून आत गेल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या सिमेंटने भरलेल्या दरजा जाळीसारख्या पुढे आल्या होत्या. दुरुस्ती शाबूत होती, भिंत मात्र नाहीशी होत चालली होती. त्या वेळच्या इमारत समितीत प्रस्तुत लेखकही होता आणि तिन्ही अंदाजपत्रकांवर त्याचीही सही आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

असे का घडते, हे समजून घेणे केवळ अभियंत्यांचे काम नव्हे. इमारत समितीवर इतिहासाचे, रसायनशास्त्राचे, भाषेचे प्राध्यापकही असतात आणि निर्णय त्यांच्या संमतीने होतो. या लेखातील मुख्य प्रतिपादन थोडक्यात असे आहे : जुनी भिंत कोरडी ठेवणे म्हणजे तिला बंद करणे नव्हे, तर तिच्यात शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे होय. ही वाट गिलाव्यातून जाते. म्हणून गिलावा हा भिंतीहून दुबळा आणि अधिक सच्छिद्र असला पाहिजे. हे तत्त्व दोन प्रकारांनी मोडले जाते. एक, गिलावा भिंतीहून कठीण करून. आणि दोन, गिलावा अजिबात काढून टाकून. पहिल्या प्रकाराचे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या आवारात सापडेल. दुसऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेचे असून त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

भिंतीत पाणी येते कोठून?

ओल हा एकच रोग आहे असे समजून त्यावर एकच औषध लावण्याची चूक सर्रास होते. वास्तविक भिंतीत पाणी येण्याचे मार्ग निरनिराळे असतात. छप्पर, पन्हळ किंवा कठडा गळका असल्यास पाणी वरून उतरते. पश्चिमेकडील भिंतींवर पावसाची झड बसून पाणी आडवे शिरते. जमिनीतील ओल पायातून वर चढते. आणि थंड भिंतीवर हवेतील बाष्प साकळूनही ओल दिसते. यांपैकी जमिनीतून चढणारी ओल सर्वाधिक गैरसमजांना कारण झालेली आहे.

वीट, चुना, जांभा हे पदार्थ सच्छिद्र असतात. त्यांतील सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने पाणी वर चढते. छिद्र जितके बारीक तितकी चढण अधिक, हा पदार्थविज्ञानातील परिचित नियम होय. एक शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी सुमारे १.५ मीटर चढू शकते. त्रिज्या त्याच्याही दहाव्या हिश्श्याइतकी असेल तर सिद्धांततः ही उंची १५ मीटरपर्यंत जाते. मग प्रत्यक्षात ओल साधारणतः एक ते दीड मीटरवरच का थांबते? याचे उत्तर बाष्पीभवनात आहे. पायातून जेवढे पाणी वर येते तेवढेच भिंतीच्या दोन्ही पृष्ठांवरून उडून जाऊ लागले की ओलीची रेषा स्थिर होते. ही रेषा म्हणजे चढणारे पाणी आणि उडणारे पाणी यांच्यामधला तोल होय.

एवढे लक्षात घेतले की सिमेंटच्या गिलाव्याचे कोडे आपोआप उलगडते. भिंतीचा खालचा मीटरभर भाग सिमेंट व तेलरंगाने झाकला की त्या भागातून होणारे बाष्पीभवन जवळजवळ थांबते. जमिनीतून येणारे पाणी मात्र थांबलेले नसते. त्याला उडून जाण्यासाठी नवे क्षेत्रफळ हवे असते आणि ते वरच मिळते. म्हणून ओल वर सरकते. आपण ओल बंद केली असे समजतो. वस्तुतः आपण ती एक मजल पुढे ढकललेली असते.

परंतु पाण्याहून अधिक नुकसान करतात ते पाण्याबरोबर येणारे क्षार. जमिनीतून सल्फेटे, क्लोराईडे व नायट्रेटे विरघळून वर येतात. किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्यातून मीठ बसते. जुन्या गोठ्यांच्या किंवा मुताऱ्यांच्या भिंतींत नायट्रेटे मोठ्या प्रमाणात असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मराठीत याला लोणा लागणे म्हणतात. पृष्ठावर फुललेला पांढरा लोणा दिसावयास वाईट असला तरी फारसा घातक नसतो. कोरड्या कुंचल्याने झाडून टाकता येतो. घातक असतो तो पृष्ठाच्या आत, छिद्रांमध्ये स्फटिकरूप होणारा क्षार. अतिसंपृक्त द्रावणातून वाढणारा स्फटिक छिद्राच्या भिंतींवर दाब देतो आणि हा दाब विटेला वा मऊ दगडाला पेलवत नाही. सोडियम सल्फेट या दृष्टीने विशेष कुप्रसिद्ध आहे. जलरहित रूपातून दहा जलरेणू धारण केलेल्या रूपात जाताना त्याचे आकारमान सुमारे चौपट होते. ऋतुमानाप्रमाणे, कित्येकदा दिवस-रात्रीप्रमाणे, हे चक्र चालू राहते आणि भिंतीचा पृष्ठभाग पिठासारखा गळू लागतो.

क्षारांचा आणखी एक गुणधर्म येथे सांगितला पाहिजे. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की बाष्प ओढून पाझरू लागते. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता याहून कितीतरी वर असते. म्हणजे जमिनीतून येणारे पाणी पूर्णपणे तोडले तरी क्षारांनी भरलेली भिंत दर पावसाळ्यात ओली दिसतच राहणार. कित्येक इमारतींत ओलरोधक उपाय फसले असे म्हटले जाते, तेथे खरे कारण हे असते.

पाणी उडते कोठे, यावरून क्षार साठणार कोठे हे ठरते. आणि क्षार साठतो कोठे, यावरून नाश कशाचा होणार हे ठरते. चुन्याच्या गिलाव्यात पाणी गिलाव्याच्या बाह्य पृष्ठापर्यंत येऊन उडते. क्षार गिलाव्यात साठतो आणि गिलावा झडतो. सिमेंटच्या गिलाव्यामागे मात्र पाणी अडते आणि क्षार विटेत वा दगडात साठतो. पहिल्या प्रसंगी दहा-पंधरा वर्षांनी गिलावा बदलावा लागतो, दुसऱ्या प्रसंगी भिंत.

जुन्या बांधणीची रीत

आपल्याकडील जुन्या गवंड्यांना केशाकर्षणाचा नियम ठाऊक नव्हता. परंतु त्याचे परिणाम त्यांना पुरते ठाऊक होते. देशावरील वाड्याचे जोते काळ्या घडीव पाषाणाचे असे आणि त्यावर विटांचे किंवा पांढऱ्या मातीचे काम चढे. घट्ट काळा पाषाण पाणी फारसे वर चढू देत नाही. म्हणजे जोते हाच एक प्रकारचा ओलरोधक थर होता. छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली असे, त्यामुळे पागोळ्या पायापासून दूर पडत. कोकणात पावसाच्या तोंडावर पश्चिमेच्या भिंतींना नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधीत. पावसाळा संपला की झाप काढून टाकले जात आणि भिंत उन्हाला उघडी होई. दर वर्षी फुकट जाणारी एक वस्तू पुढे करून कायमची वस्तू राखायची, ही दृष्टी त्यामागे होती. सणासुदीला भिंतींना चुन्याची सफेदी देण्याच्या प्रथेकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ती केवळ शोभेसाठी नव्हती.

या सर्व व्यवस्थेचा गाभा म्हणजे चुना. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. गोव्यात व कोकणपट्टीत शिंपले भाजूनही चुना करीत. कळीचा चुना पाण्यात विरवला की मोठी उष्णता बाहेर पडते व मऊ लगदा तयार होतो. हा लगदा वाळूबरोबर घाणीत मळला, भिंतीवर चढवला, की तो हवेतील कर्बद्विप्राणिद वायू हळूहळू शोषून पुन्हा चुनखडीच होतो. भट्टीत गमावलेले तो भिंतीवर परत मिळवतो, पण त्याला महिने, कधी वर्षे लागतात. ही संथ गती हाच आजच्या कंत्राटी पद्धतीत चुन्याचा सर्वांत मोठा दोष ठरला आहे. जेथे पाण्याशी सतत संबंध येई तेथे विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळीत. तिच्यामुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचेही उपयोग प्रांतोप्रांती रूढ होते.

या मिश्रणांना केवळ आजीबाईचा बटवा समजणे योग्य नव्हे आणि त्यांच्याभोवती गूढतेचे वलय उभारणेही योग्य नव्हे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी रसायनतज्ज्ञ मॅनेजर सिंग आणि मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. अजिंठ्याच्या गिलाव्याचे कीटकांनी जेवढे नुकसान केले तेवढे वेरूळला झाले नाही, याच्याशी त्यांनी या तंतूंचा संबंध जोडला आहे. परंपरेतील एखादा घटक प्रयोगशाळेत तपासला म्हणजे काय हाती लागते, याचा हा चांगला नमुना आहे. मात्र मूळ गिलाव्यात काय होते हे न तपासता सरसकट गूळ आणि मेथी ओतण्याची जी नवी हौस काही ठिकाणी दिसते, तिचे समर्थन यातून होत नाही.

सिमेंटचे आगमन

पोर्टलंड सिमेंटचे एकस्व इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये घेतले. भारतात त्याचे नियमित व्यापारी उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदर येथे सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात धरणे, पूल, कारखाने यांच्या उभारणीत सिमेंटने जे साधले ते चुन्याने साधले नसते, याबद्दल वाद नाही. ज्या इमारतीचा सांगाडा लोखंड-काँक्रीटचा आहे, तेथे सिमेंटच हवे. प्रश्न निर्माण झाला तो सिमेंट हे सर्वच बांधकामांसाठी अधिक चांगला चुना आहे, या समजुतीतून.

वस्तुतः ते निराळ्या स्वभावाचे द्रव्य आहे. चुन्याने बांधलेली भिंत उन्हाने, पायाच्या बारीक खचण्याने, ओलीसुकीने किंचित हलत असते. चुन्याचा सांधा ही हालचाल सोसतो, सिमेंटचा सोसत नाही. मग ताण दगडावर येतो आणि कडा फुटतात. दुसरे असे की सिमेंटच्या ताठ गिलाव्यास केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पावसाचे पाणी द्रवरूपात आत ओढले जाते, परंतु बाष्परूपाने बाहेर येण्यास तेवढा मार्ग नसतो. आत येण्यास फट आणि बाहेर जाण्यास भिंत, अशी ही उफराटी व्यवस्था होय. तिसरे, सिमेंटमध्ये स्वतःचेच विद्राव्य क्षार, विशेषतः सोडियम व पोटॅशियमची सल्फेटे, असतात. क्षारांनी आजारलेल्या भिंतीला आपण वरून आणखी क्षार पाजतो.

याच यादीत पारदर्शक जलरोधक लेपांचाही उल्लेख केला पाहिजे. सिलिकॉनवर्गीय लेप विकताना भिंत श्वास घेते असे सांगितले जाते आणि बाष्पापुरते ते पुष्कळसे खरेही असते. परंतु क्षार बाष्पाबरोबर प्रवास करीत नाहीत, द्रवाबरोबर करतात. लेपाच्या आतल्या बाजूस द्रव थांबतो, तेथून पुढे फक्त बाष्प जाते. म्हणजे क्षार नेमका त्या लेपाच्या पाठीमागे साठतो आणि पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटतो. कोरड्या, क्षारमुक्त भिंतीवर असा लेप उपयोगी पडू शकेल. ओल्या जुन्या भिंतीवर तो लावू नये.

उघडा दगड : बॉम जीझसचे उदाहरण

जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचा अभिषेक झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष येथे असल्याने आणि १९८६ मध्ये गोव्यातील चर्चेस व मठ यांचा जागतिक वारशात समावेश झाल्याने ही वास्तू सर्वपरिचित आहे. तिचा तांबूस, खडबडीत दर्शनी भाग प्रवाशांना प्राचीनतेची खूण वाटतो. दर्शनी भागातील कोरीव कामासाठी लागलेला काळा दगड वसईहून आणला गेला; उर्वरित भिंती स्थानिक जांभ्याच्या आहेत.

हे तांबूस रूप मात्र मूळचे नव्हे. गोव्यातील अन्य चर्चवास्तूंप्रमाणे ही वास्तूही चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकात, बाल्तझार कास्त्रू या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या निर्णयाने हा गिलावा उतरविण्यात आला. त्या काळी पोर्तुगालमध्ये ऐतिहासिक वास्तूंवरील नंतरचे थर काढून उघडा दगड दाखविण्याची शैली राजमान्य होती. तेथील ग्रॅनाइटला ती कदाचित सोसली असेल. तीच दृष्टी जांभ्यावर लादली गेली.

जांभा हा दगड म्हणून विलक्षण आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारच्या प्रवासात त्याचे वर्णन करून १८०७ मध्ये त्याला जे शास्त्रीय नाव दिले, ते विटेच्या लॅटिन नावावरून आले आहे. कारण हा दगड खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीने त्याचे चिरे काढता येतात आणि उघड्या हवेत तो घट्ट होतो. लोहाच्या व ॲल्युमिनियमच्या ऑक्साईडांचे कठीण जाळे आणि त्या जाळ्याच्या पोकळ्यांत भरलेली मऊ माती, अशी त्याची रचना असते. पावसाचा मारा सतत बसला की आधी माती धुपून जाते. पोकळ्या मोठ्या होतात, त्यांत पाणी साठते, शेवाळ धरते, आणि पुढे जाळेही तुटू लागते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गिलावा असताना हा मारा गिलावा झेलत होता, गिलावा झडत होता व पुन्हा केला जात होता. गिलावा गेल्यावर तो मारा दगड झेलतो. आणि दगड पुन्हा करता येत नाही.

तुलनेसाठी दूर जावयाचे कारण नाही. रस्त्याच्या पलीकडे सी कॅथेड्रल उभे आहे. तेही जांभ्याचेच आहे, तोच पाऊस त्यावरही पडतो, परंतु त्याच्या भिंती पांढऱ्या गिलाव्याखाली आहेत. तिसरे उदाहरण जवळच्याच टेकडीवरील संत ऑगस्टीनच्या चर्चचे. १८३५ मध्ये धर्मसंघांची हकालपट्टी झाल्यावर ते ओस पडले. १८४२ मध्ये त्याची घुमटाकार कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा निम्मा हिस्सा पडला. त्या ढासळण्यामागे एकटी ओल नव्हती, उपेक्षाही होती. तरी दुरुस्तीचा वार्षिक क्रम थांबला की या हवामानात जांभ्याच्या भव्य वास्तूचे काय होते, याची कल्पना त्यावरून येते.

बासिलिकेला पुन्हा गिलावा करावा, अशी मागणी अलीकडच्या वर्षांत बासिलिकेच्या धर्मगुरूंनी आणि काही संवर्धनतज्ज्ञांनी जाहीरपणे केली. तिला विरोधही झाला आणि तो केवळ भावनिक म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. लोकांच्या दोन-तीन पिढ्यांनी ही वास्तू तांबडीच पाहिली आहे; छायाचित्रांतून, पर्यटनाच्या जाहिरातींतून तीच प्रतिमा रुजली आहे. एखाद्या वास्तूच्या इतिहासात झालेली चूकही कालांतराने तिच्या इतिहासाचा भाग होते काय, असा हा प्रश्न आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूवरील सर्व कालखंडांच्या खऱ्या भरीचा आदर राखण्यास सांगितले आहे, याचाही आधार विरोधक घेऊ शकतात. तथापि प्रस्तुत लेखकास हा आधार पुरेसा वाटत नाही. सनदेतील आदर हा भर घालण्याविषयी आहे. येथे घट झालेली आहे. शिवाय चुन्याचा गिलावा हा दगडास इजा न करता पुढे काढता येतो, धुपलेला जांभा मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही. मागे फिरता येणारा आणि न येणारा अशा दोन मार्गांतून निवड करावयाची असेल तर उत्तर अवघड नसावे. एखाद्या मागील भिंतीवर लहान क्षेत्रात चुन्याचा गिलावा करून दोन-तीन पावसाळे त्याची मोजमापे घेणे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

दुरुस्तीचा क्रम

बासिलिकेवरून पुन्हा आपल्या ग्रंथालयाच्या भिंतीकडे येऊ. तिची दुरुस्ती भिंतीपासून नव्हे, तर छपरापासून व गटारापासून सुरू व्हावयास हवी. फुटलेले कौल, पानांनी तुंबलेली पन्हळ, कठड्याच्या सांध्यात रुजलेला पिंपळ, यांचा बंदोबस्त आधी. मग भिंतीच्या पायथ्याशी पाहावे. बहुतेक जुन्या आवारांत वर्षानुवर्षांच्या भरावाने, फरशीने, डांबराने जमिनीची पातळी वर आलेली असते आणि मूळ जोते अर्धे गाडले गेलेले असते. असे झाले की विटांचे काम थेट ओल्या मातीला टेकते. भोवतालचा भराव खणून जोते पुन्हा मोकळे करणे, भिंतीलगतची सिमेंटची पट्टी उखडून खडीचा चर घेणे आणि पाण्याला उतार देणे, एवढ्याने कित्येक भिंतींची निम्मी तक्रार मिटते. यास फार खर्चही येत नाही. कदाचित म्हणूनच अंदाजपत्रकात ते दिसत नाही.

निदानासाठी महाविद्यालयाला बाहेर जाण्याची गरज नाही. भिंतीवर टेकवून आर्द्रता दाखविणारी विद्युत उपकरणे क्षारांमुळे फसतात. क्षारयुक्त भिंत ती कोरडी असतानाही ओली दाखवितात. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी : भिंतीत निरनिराळ्या उंचीवर व खोलीवर बारीक भोके पाडून आतला चुरा घ्यावा, तत्काळ बंद कुपीत ठेवावा, तोलून भट्टीत वाळवावा व पुन्हा तोलावा. वजनातील फरकावरून ओल किती आणि ती खालून येते की वरून, हे नकाशासारखे उलगडते. तोच चुरा पाण्यात ढवळून गाळला आणि त्यात सौम्य नत्राम्ल घालून सिल्व्हर नायट्रेट टाकले तर क्लोराईड, बेरियम क्लोराईड टाकले तर सल्फेट कळते. पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे करू शकतो. ओल बाष्प साकळल्याने आहे की भिंतीतून येते, हे पाहण्यासाठी प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटवून काही दिवस ठेवावा. थेंब खोलीकडच्या बाजूस दिसले तर दोष हवा खेळती नसण्याचा, भिंतीकडच्या बाजूस दिसले तर भिंतीचा.

पाण्याचे मार्ग बंद झाल्यावर सिमेंटचा गिलावा काढावा आणि भिंतीला वाळू द्यावे. येथेच समित्यांचा धीर सुटतो. भिंतीच्या जाडीच्या दर इंचास एक महिना असा ढोबळ हिशेब आहे. दोन फुटी भिंतीस म्हणजे दोन वर्षे. या काळात भिंत उघडी, विद्रूप दिसणार. पाहुणे येणार, मूल्यांकन समिती येणार. तरीही ती झाकू नये. क्षार फार असतील तर स्वच्छ पाण्यात भिजविलेल्या कागदाच्या लगद्याचे किंवा मातीचे जाड लेप लावून, ते वाळल्यावर काढून, क्षार बाहेर ओढता येतात. हे तीन-चार वेळा करावे लागते आणि दर खेपेच्या लेपातील क्षार तपासून प्रगती मोजता येते.

दरजांतील सिमेंट काढताना यंत्राची करवत वापरू नये, विटांच्या कडा जातात. छिन्नी-हातोडीने संयमाने काढावे. नवा चुना मूळ चुन्याशी जुळता व त्याहून किंचित दुबळाच असावा. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिलेले आहेत. पाण्यातही घट्ट होणारा जलीय चुना आणि केवळ हवेत घट्ट होणारा शुद्ध चुना यांतील फरक त्यावरून कळतो. चुन्याच्या गिलाव्याच्या कामासाठी मानक २३९४ आहे. म्हणजे चुन्याचे काम मोजता येत नाही, प्रमाणित करता येत नाही, ही सबब टिकत नाही. गिलाव्यावर शेवटी चुन्याचीच सफेदी हवी. त्यावर प्लॅस्टिक रंग दिला तर सारे श्रम वाया जातात, आणि असे घडलेलेही पाहिले आहे.

राहतो तो वेळापत्रकाचा प्रश्न. चुन्याच्या गिलाव्याला घट्ट होताना ओलावा लागतो. कडक उन्हात तो कर्बद्विप्राणिद वायू शोषण्याआधीच सुकतो व भुसभुशीत होतो. म्हणून देशावर त्याचा योग्य काळ पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचा. आपले आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते, मंजुरी जानेवारीत मिळते आणि काम फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात उरकले जाते. इतक्या कमी दिवसांत पुरे होणारे काम सिमेंटचेच असते. त्यामुळे कंत्राटदारास दोष देण्यापूर्वी समितीने स्वतःच्या ठरावांच्या तारखा पाहाव्यात. काम दोन आर्थिक वर्षांत विभागून पहिल्या वर्षी केवळ पाण्याचे मार्ग, भराव व सिमेंट काढणे, आणि दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, नमुन्यांतील ओल पुरेशी उतरली असेल तरच, चुन्याचे काम, असा ठराव करता येतो. आमच्या ग्रंथालयाच्या भिंतीसाठी चौथ्या खेपेस असा ठराव झाला. भिंतीचा उत्तरेकडील भाग सध्या उघडा आहे, दर महिन्याला रसायनशास्त्र विभागातील विद्यार्थी त्यातून चुऱ्याचे नमुने घेतात, आणि गिलावा केव्हा करणार अशी विचारणा प्रत्येक बैठकीत होते.